आजचं नाक

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने एक चौकोन आखलेला असतो. त्यात रोज लिहिलेलं असतं, 'आजचं नाक', आणि त्याखाली आमच्यापैकी एकाचं आडनाव.

पहिल्या दिवशी मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हा रसायनशास्त्राचाच काहीतरी भाग असणार. आमच्या घरात कॉलेजात आलेली मीच पहिली. त्यामुळे जे समजत नाही ते अभ्यासक्रमातलं असणार, असं मी धरून चालायचे. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघसुद्धा मारली. शेजारी उभी असलेली प्राची माझ्या वहीत बघून म्हणाली, "अगं, ते पाठ नको करूस. ते तामोरे मामांचं आहे."

"तामोरे मामांचं नाक?"

"नाक आपलंच गं. मामांचं फक्त वेड."

तामोरे मामा आमच्या लॅबचे परिचर. बाटल्या भरणं, काचेची भांडी धुणं, प्रयोगाचं सामान मांडणं हे त्यांचं काम. पण मामांच्या मते लॅब ही बोट आहे आणि ते तिचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. आम्ही खलाशी. आमच्या विभागप्रमुख राऊत मॅडम या बोटीच्या मालकीण, त्यांनी किनाऱ्यावरून बघावं. मामा समुद्रकाठच्या नवापूरचे. घरात सगळे मासेमारी करणारे, हे एकटेच पाण्यात न उतरता आधी तारापूरच्या एका कारखान्यात गेले आणि तिथून इथे आले. रोज स्कूटरवरून पालघरला येतात. हेल्मेट गेटवर काढत नाहीत, लॅबच्या दारात काढतात. का, तर "गेट ते लॅब बी रस्ताच हाय."

हेल्मेट काढलं की पहिलं दिसतं ते मामांचं नाक. असं नाक मी दुसरं पाहिलेलं नाही. लांब, सरळ, पुढे आलेलं, होडीच्या नाळेसारखं, म्हणजे तिच्या पुढच्या टोकासारखं. एवढं नाक घरचं असताना हा माणूस रोज दुसऱ्याचं नाक का वापरतो, हा प्रश्न आमच्या वर्गात कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही.

नाकाचं काम असं. प्रॅक्टिकलच्या आधी सगळी बॅच बाहेर व्हरांड्यात उभी. आत फक्त मामा आणि आजचं नाक. खिडक्या बंद, कारण "वारा आला का नाक फसते." मग मामा एकेक कपाट उघडणार. नाकाने हातभर लांब उभं राहायचं आणि पंज्याने वाऱ्याची झुळूक आपल्याकडे ओढायची. बाटलीत थेट नाक घालणं म्हणजे मामांच्या राज्यात खून केल्यासारखं.

"आधी वारा, मग नाक. काय?"

"आधी वारा, मग नाक."

"आता सांग. काय येते?"

आपण सांगायचं. मामा ते 'नाक वही'त लिहिणार. वहीत चार रकाने: तारीख, नाक, वास, उपाय. ही वही मी पुष्कळदा चाळली आहे. एका ठिकाणी लिहिलंय: 'ठाकूर. वास: सडक्या अंड्याचा. उपाय: वायूच्या उपकरणाचे बूच बदलले.' त्याखाली: 'ठाकूर. वास: परत सडक्या अंड्याचा. उपाय: ठाकूरचा डबा बाहेर ठेवला.' आणि प्राचीच्या नावापुढे: 'वास: मोगऱ्याचा. उपाय: प्राचीला सेंट लावून येण्यास मनाई.'

मामांचे नियम पुस्तकात असतात तेच होते, पण सांगायची तऱ्हा त्यांची. पिपेट तोंडाने ओढायला गेलेल्या मुलाला ते म्हणाले, "शहाळा हाय तो?" मोकळे केस, ओढणी, लोंबणारी बाही दिसली की खिशातून जाळं विणायचा हिरवा दोरा काढायचे आणि अशी गाठ मारायचे की ती प्रॅक्टिकल संपल्यावर आम्हा दोघीतिघींना मिळून सोडवावी लागायची. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे मॅडमनी आकृती काढून समजावलं. मामांनी ते एका वाक्यात सांगितलं. "ॲसिड म्हंजे जावई. जावई सासुरवाडीला येते, हळूहळू, थेंब थेंब. आख्खी सासुरवाडी एकदम जावयाच्या अंगावर ओतली तर तो भडकनारच." परीक्षेत तिघांनी हे उत्तर जावयासकट लिहिलं. मॅडमनी पूर्ण मार्क दिले, पण समासात लिहिलं, 'नातेसंबंध वगळावेत'.

माझी आणि मामांची पहिली भेट मात्र चपलेवरून झाली. मी रबरी चप्पल घालून आले होते. माझ्याकडे तेवढीच होती. मामांनी दारात हात आडवा केला. "पाय उघडे हाईत. आत नाय."

मागे रांग होती. मी म्हटलं, "मामा, उद्या आणते," आणि ते खोटं होतं हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. मामा आत गेले आणि काळे जाड बूट घेऊन आले, कारखान्यातले, पुढे लोखंडी टोपी असलेले. माझ्या पायाच्या दीडपट. त्यांनी पुढे कापूस कोंबला, माझ्या पुढ्यात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे लॅबचे हाईत. ज्याचा रोल नंबर एकोनीस, त्यानंच घालायचे, असा नियम हाय." माझा रोल नंबर एकोणीस. नंतर स्टोअरच्या वहीत मी बघितलं: 'बूट, जोड १. वरठा. परत: बी.एस्सी. झाल्यावर.' वरठा हे माझं आडनाव. त्या बुटांत मी चालले की खालच्या मजल्यावरच्या मराठीच्या वर्गात म्हणे कविता थांबायची.

वह्यांप्रमाणेच मामांना लेबलांचं वेड. लेबल नाही अशी वस्तू त्यांना बघवत नाही. त्यांच्या थर्मासवर लेबल: 'चहा. गरम. दुपारी २ पर्यंत.' डब्यावर: 'भात, बोंबील. उघडण्यापूर्वी खिडकी उघडणे.' प्रत्येक लेबलाच्या शेवटी 'धोका' अशी एक ओळ असते आणि ती भरल्याशिवाय बाटली कपाटात जात नाही. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांना नात झाली. मुलगी बाळंतपणाला नवापूरला आली होती. मामांनी पेढे आणले. खोक्यावर लेबल: 'पेढे. कारण: नात. धोका: एकाने दोन घेणे.' खोकं उघडून सवयीने त्यांनी पेढ्यांवरून पंजा हलवला आणि मला विचारलं, "ताजे हाईत ना गो?" आम्ही पोट धरून हसलो. मामाही हसले.

आता माझ्या नाकाविषयी थोडं सांगायला हवं. स्वतःविषयी लिहायला मला जड जातं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वर्गात मी कशातच पुढे नव्हते. इंग्रजी शब्द माझ्या तोंडात अडकायचे. प्रश्न विचारायला हात वर करायचा म्हणजे आदल्या दिवसापासून तयारी करावी लागायची. पण माझं गाव डोंगराकडे आहे, आणि तिथे ताडी उतरून किती वेळ झाला किंवा मोहाची फुलं कुठल्या बाजूला पडली आहेत, हे नाकानेच कळतं. दुसऱ्यांदा माझी पाळी आली तेव्हा एका बंद कपाटासमोर मी भीत भीत म्हटलं, "मामा, ताडी आंबल्यासारखं येतंय." मामांनी कपाट उघडलं. मागच्या रांगेत ॲसेटिक ॲसिडच्या बाटलीचं झाकण तडकलेलं होतं. मामांनी वहीत लिहिलं, आणि व्हरांड्यात येऊन सगळ्या बॅचसमोर म्हणाले, "नाक म्हंजे वरठाचा नाक. बाकीच्यांनी आपापली पुसून आना."

कॉलेजात माझी झालेली ती पहिली स्तुती. मी घरी फोन करून सांगितलं. बाबांनी विचारलं, "तथं काय शिकवतात?"

"वास घ्यायला."

बाबा म्हणाले, "वास तं आपली कुत्री बी घेते. त्यासाठी बी.एस्सी. लागतं?" पण त्यांनी ते सगळ्या पाड्याला सांगितलं, हे मला नंतर कळलं.

त्यामुळे जानेवारीत माझी पाळी आली आणि मला सर्दी झाली, तेव्हा मी ती लपवली.

नियम साधा होता. नाक बंद असेल तर सांगायचं, पुढचा रोल नंबर आत जातो. लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण फळ्यावर माझं आडनाव लिहिलेलं होतं आणि मामा म्हणाले होते, "आज वरठा, म्हंजे आज काळजी नाय." ते पुसायला माझा हात धजला नाही. मी व्हरांड्यातच नाक पुसलं आणि बूट वाजवत आत गेले.

मामांनी गॅसचा मुख्य कॉक उघडला. मग कपाटं झाली, मग टेबलांवरचे बर्नरचे नळ. प्रत्येक नळापाशी मी पंजा हलवला.

"काय येते?"

"काही वास नाही, मामा."

हे खोटं नव्हतं. मला खरंच काही वास येत नव्हता. मामांनी वहीत लिहिलं, 'वास: नाही', आणि टेबल एकवरचा बर्नर तपासायला खिशातून लायटर काढला.

तेवढ्यात मागचं दार ढकलून अन्सारी आत आला. आमच्याच बॅचचा अन्सारी बोईसरहून येतो आणि रोज उशिरा येतो. मॅडमना दिसू नये म्हणून मागच्या जिन्याने चढतो. एक पाय आत टाकून तो थांबला.

"अरे मामा, गैस की बास आ रही है ना? कितनी ज़ोर से मार रही है!"

मामांचा अंगठा लायटरच्या खटक्यावर होता. तो तिथेच राहिला. मग त्यांनी लायटर हळूच, अंडं ठेवावं तसा, खिशात ठेवला, आणि ते ओरडले; त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बाहेर! पंख्याला हात नाय, दिव्याला हात नाय! बदामाखाली!"

मैदानातल्या बदामाच्या झाडाखाली जमायचं, हे आम्ही दर महिन्याला करायचो आणि दर महिन्याला त्याची थट्टा करायचो. त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही. मामांनी कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या आणि शेवटी ते आले. आम्हाला मोजलं. परत मोजलं. बोट किनाऱ्याला लागली की आधी माणसं मोजायची आणि मासळी नंतर, हे ते नेहमी सांगायचे. माणसं भरली. टेबल तीनवरचा एक नळ आधीच्या बॅचने अर्धा उघडा सोडला होता.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "वरठा. तुला वास नाय आला?"

मी काही बोलायच्या आधी मला शिंक आली. आणि एक नाही, लागोपाठ चार.

सगळे हसले. आता सांगताना मलाही हसू येतं. तेव्हा जमीन फाटावी असं झालं होतं. पण अन्सारी हसला नाही. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "इसको सर्दी है, समझा. पर मामा, आपको भी नहीं आयी?"

"मी तुमची परीक्षा घेत होतो," मामा म्हणाले. "नाकाची परीक्षा. वरठा नापास."

सगळ्यांना ते पटलं. मामांसारखा माणूस परीक्षा घेणारच. पण मी आत होते. मी लायटरवरचा अंगठा बघितला होता. परीक्षा घेणाऱ्याचा अंगठा तसा नसतो.

दुपारी मी स्टोअररूममध्ये गेले. मामा स्टुलावर बसून रिकाम्या बाटल्यांची लेबलं पुसत होते, जी मुळातच स्वच्छ होती.

"मामा, मला सर्दी होती. मी सांगितलं नाही."

"किती दिवस हाय?"

"दोन."

मामांनी बाटली खाली ठेवली. "माझी बारा वर्सांची हाय."

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी शेजारच्या खोक्यावर बसले.

"वास कारखान्यात गेला," ते म्हणाले. "एका दिवसात नाय. ओहोटीचा पानी जाते ना, तसा. आपल्याला वाटते अजून हाय, हाय. एक दिवस घरी आलो. बायको बोंबील भाजत ठेवून शेजारी गेलेली. करपून कोळसा झाला, घरभर वास, नि मी तिथंच बसून पेपर वाचतोय. ती बोलली, तुमचा नाक हाय का दगड? तवा समजला."

"पण इथे तुम्ही सांगितलं नाही?"

"इथं मुलाखतीत सायबांनी विचारला, रसायनांच्या वासाचा त्रास होतो का? मी बोललो, अजिबात नाय." ते किंचित हसले. "खोटा नव्हतो बोललो."

सकाळी मीही खोटं बोलले नव्हते.

दीड वर्ष मला वाटत होतं की मामा रोज आमची परीक्षा घेतात. ते परीक्षा घेत नव्हते. ते आम्हाला विचारत होते.

मी मॅडमना माझ्या सर्दीचं सांगितलं असतं, तर त्यांनी पुढचा प्रश्न अन्सारीचाच विचारला असता. नाही सांगितलं, तर उद्या फळ्यावर दुसरं आडनाव येणार, आणि त्यालाही कधीतरी सर्दी होणारच. मी काय करावं हे मला खरंच कळत नव्हतं. कळलं ते मामांना.

"बोटीला भोक हाय नि दोगांनाच माहीत हाय," ते उठत म्हणाले. "दोगांनी गप बसायचा? चल."

मॅडमच्या केबिनमध्ये आधी मी बोलले. "मॅडम, मला सर्दी आहे."

"मग गोळी घे," मॅडम पेपर तपासत म्हणाल्या.

"मॅडम, मला वास येत नाय," मामा म्हणाले.

"तुम्हालाही सर्दी?"

"नाय मॅडम. बारा वर्सं झाली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. "तामोरे, तीस मुलं असतात बाहेर. आणि तुम्ही गॅसचा कॉक उघडता!" मामा मान खाली घालून उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना लायब्ररीत बसवलं. तात्पुरतं, असं पत्रात होतं, पण तात्पुरतं म्हणून लायब्ररीत बसवलेले एक गृहस्थ तिथूनच निवृत्त झाले होते.

लायब्ररीत मामा शांत बसले असं नाही. दोन दिवसांत सगळ्या कपाटांवर लेबलं आली. 'मराठी कादंबऱ्या. ज्वलनशील. धोका: काडी.' टेबलफॅनजवळ बसणाऱ्या ग्रंथपालबाईंचा पदर त्यांनी हिरव्या दोऱ्याने खुर्चीला बांधला, आणि बाई जेवायला उठल्या तेव्हा खुर्चीही उठली. पण एकदा मी पुस्तक परत करायला गेले तेव्हा मामा काउंटरमागे एकटेच होते. दोऱ्याच्या गाठी मारत होते आणि सोडवत होते. मला बघून म्हणाले, "आज कोन हाय?" मी म्हटलं, "कोणी नाही, मामा. चौकोनच पुसला."

लॅबमध्ये मामांच्या जागी ऑफिसातून एक गृहस्थ आले होते. त्यांचं नाक उत्तम होतं. उपाहारगृहात वडे तळायला घेतले की त्यांना दुसऱ्या मजल्यावर कळायचं. पण त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी लेबल निघालेली एक बाटली सापडली, तेव्हा यात काय आहे म्हणून त्यांनी बूच काढून थेट नाक घातलं. अमोनिया होता. ते दोन दिवस रजेवर गेले.

त्या संध्याकाळी मी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. 'विषय' या शब्दापुढे काय लिहायचं यातच एक तास गेला. प्राचीने अक्षर सुधारून दिलं, अन्सारीने सगळ्या बॅचच्या सह्या घेतल्या आणि पहिल्यांदा वेळेवर येऊन मॅडमच्या दारात उभा राहिला. अर्ज लांब होता, पण त्यातली तीनच वाक्यं माझी मला आवडली: 'तामोरे मामांना वास येत नाही, म्हणून ते रोज आम्हाला विचारतात. ज्यांना वास येतो ते कोणाला विचारत नाहीत. चूक माझी होती, कारण मला विचारलं असताना मी खरं उत्तर दिलं नाही.'

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. मग कपाटातून नाक वही काढून ती पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मोगऱ्याच्या पानावर त्यांना हसू आलं, ते त्यांनी रुमालाने पुसलं.

मामा सोमवारी परत आले. अटी होत्या. गॅसचा कॉक मॅडम स्वतः उघडणार. लायटर मॅडमकडे. नाकं रोज दोन, आणि आत जाण्याआधी दोघांना व्हरांड्यात संत्र्याची साल हुंगायला देणार. भिंतीवर गॅस कळल्यावर वाजणारं यंत्र बसवलं. मामांचा त्या यंत्रावर पूर्ण विश्वास नाही. "त्याला सर्दी होत नाय, मान्य. पन बॅटरी उतरते." म्हणून त्यांनी त्याच्यावरही लेबल लावलं आहे: 'यंत्र. धोका: यावर विसंबणे.'

फेब्रुवारीत परत माझी पाळी आली. सर्दी नव्हती. सालीचा वास आला. फेरी झाली, वही लिहून झाली, दुसरं नाक अन्सारी होता, तो बाहेर गेला. मीही निघाले, तर मामा म्हणाले, "वरठा, थांब. एक बाटली र्‍हायली."

त्यांनी सगळ्यात खालच्या कपाटातून रुंद तोंडाची, काचेच्या बुचाची एक बाटली काढली. कोरडी, लख्ख धुतलेली. आत काहीतरी पिवळं, मऊ. मी लेबल वाचलं. 'नाव: टोपडं. मालक: नात. भरल्याची तारीख: काल.' आणि खाली 'धोका' ही ओळ रिकामी होती.

"काल गेली ती," मामा म्हणाले. "वेरावळला. जावई तिथं बोटीवर असते. आता चालायला लागली का मगच येल." ते बुचाकडे बघत होते. "घरात सगळी तिला उचलून घेतात नि डोक्याला नाक लावतात. मी बी लावला. बायकोला विचारला, कसा वास येते? ती हसली. बोलली, लहान पोराचा येते तसा. आता तसा म्हंजे कसा?"

मी दारातून परत टेबलाशी आले.

"तू नीट सांगते. ताडीचा कसा सांगितला होता, तसा सांग." त्यांनी बूच काढून बाटली हातभर लांब धरली. "आधी वारा, मग नाक."

मी बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि थेट नाक घातलं.

मामांनी अडवलं नाही.

मी डोळे मिटले. घाई केली नाही. मग जसं आलं तसं सांगितलं. "भात शिजल्यावर झाकण उघडतो ना मामा, तेव्हाची पहिली वाफ. तसा. त्यात खोबरेल तेल आहे, थोडं. कडेला दूध सांडून वाळलंय, तिथे जरा आंबूस. आणि आत, शिवणीजवळ, उन्हात वाळत घातलेल्या कपड्याचा."

"भाताची वाफ," मामा म्हणाले. "पहिली?"

"पहिली."

त्यांनी बूच लावलं. लेबलावर 'धोका'पुढे 'नाही' असं लिहिलं. मग नाक वही उघडली, तारीख घातली, माझं आडनाव लिहिलं आणि 'वास'च्या रकान्यात मी सांगितलेलं सगळं, एकही शब्द न गाळता, बारीक अक्षरात बसवलं. शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. व्हरांड्यात बॅच आरडाओरडा करत होती. मामांनी बाटली उजेडाकडे धरून बूच एकदा फिरवून बघितलं, आणि मग लिहिलं:

'उपाय: बूच घट्ट लावून ठेवणे.'